एकटा दिसलेला ग्रह

फेब्रुवारी 2011 मध्ये केप्लर दुर्बिणीच्या पहिल्या चार महिन्यांच्या नोंदी खुल्या झाल्या, तेव्हा त्यांतून दोन आकडे पुढे आले: 69 आणि 86. ज्या ताऱ्यांभोवती एकच ग्रह सापडला होता, तिथले 69 टक्के ग्रह नेपच्यूनपेक्षा लहान होते. ज्या ताऱ्यांभोवती दोन किंवा अधिक ग्रह सापडले होते, तिथे हेच प्रमाण 86 टक्के होतं. मोठे ग्रह एकटे राहतात आणि भावंडांत राहणारे बहुधा लहान असतात, असं या तुलनेतून दिसत होतं.

ही तुलना मला फार मोलाची वाटते. आपल्या घराबाहेरच्या ग्रहांची घरं कशी असतात, हा प्रश्न माणसाने मोजमाप घेऊन विचारण्याची ती सुरुवात होती. पण या दोन आकड्यांमागे सव्वाशे वर्षांहून जुनी वंशावळ आहे, आणि तिचे बरेचसे दुवे कॅलिफोर्नियातल्या एकाच परगण्यात, सांता क्लारा काउंटीत, सापडतात. सांता क्लारा हे एका शहराचं नाव आहे आणि ते शहर ज्या काउंटीत आहे तिचंही. शहरातून पूर्वेला पाहिलं, की हवा स्वच्छ असेल त्या दिवशी हॅमिल्टन पर्वताच्या माथ्यावर लिक वेधशाळेचे पांढरे घुमट दिसतात. वायव्येला काही मैलांवर मॉफेट फील्ड आहे, तिथे नासाचं एम्स संशोधन केंद्र. या दोन ठिकाणांच्या मधल्या खोऱ्यात आज हजारो मराठी कुटुंबं राहतात. 2024 च्या जूनअखेरीस बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन सॅन होजेला भरलं, तेही या घुमटांच्या पायथ्याशीच. आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या वाटेवरच्या या डोंगराने काय काय मोजलं, त्याचा हा मागोवा.

डोंगरावरचा रस्ता

जेम्स लिक हा पेनसिल्व्हेनियात जन्मलेला पियानो बनवणारा कारागीर. दक्षिण अमेरिकेत धंदा करून जानेवारी 1848 मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला आला. सोन्याच्या शोधाने तिथल्या जमिनीला भाव येण्याच्या थोडं आधीच त्याने जमिनी घेतल्या आणि तो अफाट श्रीमंत झाला. आयुष्याच्या अखेरीस त्याने जगातल्या सर्वांत शक्तिशाली दुर्बिणीसाठी सात लाख डॉलर ठेवले. दुर्बीण शहरात न बांधता डोंगरावर बांधायची, हा निर्णय त्या काळी नवा होता. सांता क्लारा काउंटीने 1876 मध्ये माथ्यापर्यंत रस्ता बांधून दिला. घोडागाड्यांना चढता यावं म्हणून त्याला चढ कमी आणि वळणं असंख्य ठेवली. लिक त्याच वर्षी वारला. पुढे त्याचा देह दुर्बिणीच्या पायाखालीच पुरला गेला. 36 इंची भिंगाची ती दुर्बीण 1888 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हवाली झाली. बारमाही वस्ती असलेली डोंगरमाथ्यावरची ती जगातली पहिली वेधशाळा.

आपल्या कथेला त्याहून महत्त्वाची घटना मात्र त्याआधी सहा वर्षं घडली होती. 6 डिसेंबर 1882 रोजी शुक्र सूर्यबिंबावरून सरकत गेला. मोठी दुर्बीण अजून बसायची होती, बांधकाम चालू होतं. अशा अर्धवट वेधशाळेत अ‍ॅम्हर्स्ट कॉलेजचे डेव्हिड पेक टॉड यांनी सूर्याच्या 147 काचेच्या छायापट्ट्या घेतल्या. शुक्राच्या त्या काळ्या ठिपक्याची जागा अचूक मोजून सूर्याचं अंतर काढायचं, हा त्यामागचा हेतू होता.

या घटनेला अधिक्रमण म्हणतात. 8 जून 2004 रोजी महाराष्ट्रातही अनेकांनी काळ्या चष्म्यांतून शुक्राचं अधिक्रमण पाहिलं आहे. 2012 मधलं अधिक्रमण आपल्याकडे 6 जूनच्या सकाळी दिसलं, सांता क्लारात 5 जूनच्या दुपारी. सूर्यावरचा शुक्राचा ठिपका व्यासाने सूर्यबिंबाच्या साधारण बत्तिसावा भाग असतो. म्हणून तो बिंबाचा हजारावा हिस्सा झाकतो आणि प्रकाश तेवढाच कमी होतो. दूरच्या ताऱ्याचं बिंब आपल्याला दिसत नाही, तो नुसता बिंदू असतो. पण त्याचा प्रकाश किती घटला हे मोजता आलं, तर पुढून जाणारा ग्रह केवढा आहे हे सांगता येतं. ज्या घटनेवरून ग्रहाचा असा आकार काढता येतो, ती हॅमिल्टन पर्वतावर 1882 मध्येच टिपली गेली होती. फक्त तेव्हा ग्रह आपल्याच अंगणातला होता.

जेऊरचा तंबू

वंशावळीचा पुढचा दुवा सोलापूर जिल्ह्यात आहे. 22 जानेवारी 1898 रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून देशावर सरकली. विजयदुर्गाला इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर थांबले होते. लिक वेधशाळेची तुकडी उतरली ती करमाळा तालुक्यातल्या जेऊरला. मुंबई-पुण्यात प्लेगचे दिवस होते. तुकडीचे प्रमुख होते विल्यम वॉलेस कॅम्पबेल. पत्नी एलिझाबेथही सोबत होत्या. त्यांनी हॅमिल्टन पर्वतावरून 40 फूट लांबीचा कॅमेरा आणला होता. पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हेही त्याच जेऊरला आपली उपकरणं घेऊन आले होते. पुण्यात त्यांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली होती, आणि तिचा काळ लिक वेधशाळेचाच. ग्रहणाच्या त्या दोनेक मिनिटांत पुण्याची आणि सांता क्लाराची वेधशाळा एकाच माळावर उभ्या होत्या.

कॅम्पबेल 1901 मध्ये लिकचे संचालक झाले. त्यांचं आयुष्याचं काम ग्रहणापेक्षा वेगळं होतं: ताऱ्याच्या प्रकाशाचा वर्णपट घ्यायचा आणि त्यातल्या काळ्या रेषा किती सरकल्या आहेत, यावरून तारा आपल्याकडे येतो आहे की दूर जातो आहे आणि किती वेगाने, हे काढायचं. डी. ओ. मिल्स या धनिकाच्या देणगीतून झालेल्या वर्णपटमापकाने हॅमिल्टनवर हे काम वर्षानुवर्षं चाललं. शेकडो ताऱ्यांचे वेग मोजले गेले. तेव्हाची अचूकता सेकंदाला किलोमीटरच्या अंशापर्यंत होती. ग्रहामुळे ताऱ्याला बसणारा झोल याहून फार बारीक असतो. गुरूसारखा मोठा ग्रह आपल्या सूर्याला डोलवतो तो सेकंदाला अवघा साडेबारा मीटर, म्हणजे धावपटूच्या वेगाने. तिथवर पोहोचायला या डोंगराला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

एकाचे तीन

1980 च्या दशकात स्टीव्हन व्होग्ट यांनी लिकच्या तीन मीटर आरशाच्या दुर्बिणीसाठी हॅमिल्टन नावाचाच नवा वर्णपटमापक बांधला. सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठातले जेफ मार्सी आणि पॉल बटलर यांनी 1987 पासून त्यावर सूर्यासारख्या ताऱ्यांचा माग काढायला सुरुवात केली. ताऱ्याचा प्रकाश आयोडीनच्या वाफेने भरलेल्या काचेच्या नळीतून सोडायचा, म्हणजे वर्णपटावर आयोडीनच्या रेषा उमटतात आणि त्याच मोजपट्टीचं काम करतात. आठ वर्षं त्यांच्या हाती एकही ग्रह आला नाही.

ऑक्टोबर 1995 मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सला भरलेल्या परिषदेत मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांनी महाश्व तारकासमूहातल्या 51 क्रमांकाच्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचं जाहीर केलं. योगायोग असा, की त्याच परिषदेत आणखी एका शोधाची घोषणा झाली. ग्लीझ 229 या ताऱ्याच्या सोबतीला एक तपकिरी बटू आहे, हा तो शोध, आणि तो लावणाऱ्या गटात कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडात जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. ग्रहापेक्षा जड आणि ताऱ्यापेक्षा हलकं असं ते पिंड. वस्तुमानाच्या शिडीवरच्या दोन पायऱ्या जगाला एकाच सभागृहात सापडल्या. आठवडाभरात मार्सी-बटलर यांनी लिकवरून महाश्वातल्या ग्रहाची खात्री करून घेतली. मग आपल्याकडच्या जुन्या नोंदी उकरल्या आणि जानेवारी 1996 मध्ये आणखी दोन ग्रह जाहीर केले.

आता देवयानी तारकासमूहातल्या अप्सिलॉन या ताऱ्याची गोष्ट. साध्या डोळ्यांना दिसणारा हा तारा. 1996 मध्ये त्याच्याभोवती लिकवरून एक ग्रह सापडला, साडेचार दिवसांत प्रदक्षिणा घालणारा. यादीत त्याच्यापुढे आकडा पडला 1. पण त्या ग्रहाचा परिणाम वजा केल्यावरही ताऱ्याचा झोल संपत नव्हता. वर्षं सरली, नोंदी वाढल्या, आणि एप्रिल 1999 मध्ये जाहीर झालं, की तिथे एक नव्हे, तीन ग्रह आहेत: दुसरा साधारण 241 दिवसांचा, तिसरा साडेतीन वर्षांचा. सूर्यासारख्या चालू स्थितीतल्या ताऱ्याभोवतीचं हे पहिलं बहुग्रही कुटुंब. त्याआधी 1992 मध्ये अलेक्झांडर वोल्शान आणि डेल फ्रेल यांना ग्रहांची जोडी सापडली होती, पण ती एका मेलेल्या ताऱ्याच्या, स्पंदकाच्या भोवती.

1996 ते 1999 या तीन वर्षांत अप्सिलॉन ताऱ्याजवळ काहीच बदललं नव्हतं. आपल्या नोंदी तेवढ्या लांबल्या होत्या. एकग्रही आणि बहुग्रही या तुलनेचा पहिला धडा इथेच, हॅमिल्टन पर्वतावर मिळाला होता. पुढच्या काळात तो पुन्हा पुन्हा गिरवावा लागला.

चार वेळा नकार

झोल मोजून ग्रहाचं वस्तुमान कळतं, तेही किमान. आकार कळत नाही. आकारासाठी अधिक्रमणच हवं. 1999 मध्ये एचडी 209458 या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाचं अधिक्रमण डेव्हिड शार्बोनो आणि ग्रेग हेन्री यांच्या गटांनी वेगवेगळं टिपलं. आपल्या सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचा आकार माणसाने मोजला, तो हा पहिला. गुरूहूनही मोठा.

मॉफेट फील्डवरचा एक माणूस तोवर पंधरा वर्षं हेच सांगत आला होता. विल्यम बोरुकी 1962 मध्ये एम्स केंद्रात आले. अपोलो यानांच्या उष्णतारोधक कवचावर त्यांनी काम केलं, नंतर ग्रहांवरच्या विजांचा अभ्यास केला. 1984 मध्ये ऑड्री समर्स यांच्यासोबत लिहिलेल्या निबंधात त्यांनी मांडलं, की पुरेशी अचूक प्रकाशमापनं हजारो ताऱ्यांवर एकाच वेळी घेतली, तर पृथ्वीएवढे ग्रहही सापडतील. अडचण अचूकतेची होती. गुरूचा व्यास सूर्याच्या दहाव्या भागाएवढा, म्हणून तो शंभरातला एक भाग प्रकाश अडवतो. पृथ्वीचा व्यास सूर्याच्या 109 वा भाग, म्हणून ती अडवते दहा लाखांतले फक्त 84 भाग.

नासाने त्यांचा प्रस्ताव 1992, 1994, 1996 आणि 1998 असा चार वेळा नाकारला. दर वेळी आक्षेप वेगळा होता आणि दर वेळी बोरुकींनी त्याचं उत्तर प्रत्यक्ष करून दाखवलं. हजारो ताऱ्यांचं प्रकाशमापन एकाच वेळी, आपोआप होऊ शकतं का, असं विचारलं गेलं. त्यांनी व्हल्कन नावाचा लहान कॅमेरा बांधला आणि तो लिक वेधशाळेच्या एका घुमटात बसवला. मग प्रश्न आला, की अंतराळयानाच्या थरथरीत दहा लाखांतले 84 भाग दिसतील का. त्यांनी एम्सच्या प्रयोगशाळेत कृत्रिम तारे उभे केले. धातूच्या पत्र्याला बारीक भोकं पाडून त्यांतून प्रकाश सोडला, भोकांवर केसासारख्या तारा ताणल्या, आणि विजेने त्या किंचित तापवून फुगवल्या. तार फुगली की प्रकाश पृथ्वीच्या अधिक्रमणाएवढा घटायचा, आणि यंत्राला ती घट ओळखू येत होती. डिसेंबर 2001 मध्ये केप्लर मोहीम मंजूर झाली. 6 मार्च 2009 च्या रात्री केप कॅनव्हेरलहून दुर्बीण झेपावली आणि हंस व स्वरमंडळ या तारकासमूहांच्या मधल्या आकाशाकडे डोळे लावून बसली. तिच्या नजरेत दीड लाखाहून अधिक तारे होते.

1984 पासून 2009 पर्यंत पंचवीस वर्षं एका माणसाने एकच प्रश्न धरून ठेवला. चार नकारांतल्या एकाही नकाराने तो कडवट झाला नाही, उलट प्रत्येक नकारानंतर त्याचं उपकरण सुधारत गेलं. विज्ञान शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना ही गोष्ट ग्रहांच्या नावांइतकीच पाठ असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

170 कुटुंबं

आता पुन्हा फेब्रुवारी 2011. केप्लरने 997 ताऱ्यांभोवती 1,235 उमेदवार ग्रह दाखवले. त्याच महिन्यात एम्सचे जॅक लिसॉअर यांच्या गटाने केप्लर-11 ही सहा ग्रहांची माला जाहीर केली. तिचे पाच ग्रह बुधाच्या कक्षेपेक्षाही आत होते, आणि सगळे पृथ्वीच्या साधारण दुप्पट ते साडेचारपट आकाराचे. मग हार्वर्ड-स्मिथसोनियनचे डेव्हिड लॅथम, सेटी इन्स्टिट्यूटचे जेसन रो, नताली बटाल्हा, बोरुकी आणि सहकारी यांनी एकटे आणि भावंडांतले असे दोन ढीग करून पहिली तुलना लिहिली.

827 ताऱ्यांभोवती एकेकच उमेदवार होता. 170 ताऱ्यांभोवती अनेक: 115 ठिकाणी दोन, 45 ठिकाणी तीन, आठ ठिकाणी चार, एका ठिकाणी पाच आणि एका ठिकाणी सहा. या 170 कुटुंबांत मिळून 408 ग्रह होते. बहुग्रही ताऱ्यांचा वाटा 17 टक्केच, पण एकूण ग्रहांपैकी तिसरा हिस्सा त्यांच्याकडे. आणि त्यातच ते दोन आकडे आले: एकट्यांत 69 टक्के नेपच्यूनहून लहान, भावंडांत 86 टक्के.

या फरकामागे एक साधं कारण असू शकत होतं, आणि लेखकांनी ते आधीच हाताळलं. मागे दूरवर दोन तारे एकमेकांना ग्रहण लावत असले आणि त्यांचा प्रकाश आपल्या ताऱ्यात मिसळला, तर ग्रहाचा भास होतो. असा भास एका ताऱ्याबाबत होणं शक्य आहे. एकाच ताऱ्याबाबत वेगवेगळ्या कालावधीचे दोन-तीन भास होणं फार दुर्मीळ. म्हणून भावंडांच्या ढिगात खोटे संकेत कमी होते. हाच तर्क पुढे नेऊन रो आणि लिसॉअर यांच्या गटांनी 26 फेब्रुवारी 2014 रोजी 305 ताऱ्यांभोवतीचे 715 ग्रह एकाच दिवशी खरे ठरवले. त्यांतले 95 टक्के नेपच्यूनहून लहान होते.

खोटे संकेत वजा केले तरी एक फरक उरला, आणि तो आजही टिकून आहे. ताऱ्याला खेटून फिरणारे गुरूसारखे राक्षसी ग्रह बहुधा एकटेच असतात. लॅथम यांच्या लेखाने दोन शक्यता मांडल्या: असे ग्रह धाकट्या भावंडांच्या कक्षा तिरप्या करून टाकत असावेत, किंवा ती भावंडं मुळात जन्मूच देत नसावेत. राक्षसी ग्रह ताऱ्याच्या इतक्या जवळ जन्मत नाही, तो दूरवरून आत येतो, असं बहुतेक खगोलशास्त्रज्ञ मानतात. त्या प्रवासात वाटेतलं बरंच काही विस्कटतं. याला अपवाद आहे. 2015 मध्ये वॉस्प-47 या ताऱ्याभोवती चार दिवसांच्या कक्षेतल्या राक्षसाच्या आत एक आणि बाहेर एक असे दोन लहान ग्रह केप्लरच्याच दुसऱ्या मोहिमेत सापडले. म्हणजे राक्षस नेहमीच घर मोडत नाही. पण बहुतेक वेळा त्याच्या आसपास कुणी दिसत नाही, हेही खरं.

ताऱ्याचं माप

नेपच्यूनहून लहान ग्रहांचं काय? एकटा लहान ग्रह आणि भावंडांतला लहान ग्रह यांच्यात फरक असतो का? याचं उत्तर 2011 मध्ये देता येत नव्हतं, कारण त्या वेळी ताऱ्यांचीच मापं कच्ची होती. अधिक्रमणातून फक्त गुणोत्तर मिळतं: ग्रह ताऱ्याच्या कितवा भाग आहे. ताऱ्याचा आकार चुकला, की ग्रहाचाही तेवढाच चुकतो.

म्हणून कॅलिफोर्नियातल्या खगोलशास्त्रज्ञांनी केप्लरच्या हजाराहून अधिक ताऱ्यांचे वर्णपट हवाईतल्या केक दुर्बिणीने घेतले. कॅम्पबेल यांनी हॅमिल्टनवर रुजवलेली वर्णपटाची विद्या इथे पुन्हा कामी आली. ताऱ्यांच्या आकारातली चूक दहा टक्क्यांच्या आसपास उतरली. 2018 मध्ये गाया या युरोपीय उपग्रहाने ताऱ्यांची अचूक अंतरं दिल्यावर ती तीन टक्क्यांच्या जवळ आली. गायाच्या आधीच, वर्णपटांनी मापं सुधारताच, 2017 मध्ये बेंजामिन फुल्टन आणि सहकाऱ्यांना एक दरी दिसली: पृथ्वीच्या दीडपट ते दुप्पट या आकारांच्या मधले ग्रह फार कमी आहेत. लहान खडकाळ ग्रह एका बाजूला, वायूचं जाड आवरण असलेले दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये मोकळी जागा.

2018 मध्ये लॉरेन वाइस आणि सहकाऱ्यांनी याच नेमक्या मापांवर तुलना पुन्हा केली. नेपच्यूनहून लहान आणि तीन दिवसांहून मोठ्या कक्षेतल्या ग्रहांमध्ये एकटे आणि भावंडांतले यांच्या आकारांत फरक सापडला नाही. दरीसुद्धा दोघांत एकाच जागी होती, पृथ्वीच्या सुमारे 1.8 पट आकाराला. त्यांच्या ताऱ्यांची वस्तुमानं, त्यांतल्या धातूंचं प्रमाण, ताऱ्यांचं स्वतःभोवती फिरणं, यांतही वेगळेपण नव्हतं. तीन दिवसांच्या आतल्या कक्षांत मात्र एकटे जास्त होते. एकाच मुशीतून निघालेले हे ग्रह आहेत, असा निष्कर्ष लेखकांनी काढला.

त्याच गटाला आणखी एक गोष्ट दिसली. एका ताऱ्याभोवतीची भावंडं आकाराने एकमेकांसारखी असतात, आणि त्यांच्यातली अंतरंही सारख्या प्रमाणात असतात. शेजारच्या दोन ग्रहांत बाहेरचा मोठा असण्याचं प्रमाण 65 टक्के. शास्त्रज्ञांनी त्यांना एका शेंगेतले वाटाणे म्हटलं. यावर वाद झाला. वेई झू यांनी 2020 मध्ये हरकत घेतली, की लहान ग्रह शांत ताऱ्यांभोवतीच दिसतात, म्हणून हे साम्य आपल्या पाहण्यातून आलेलं असू शकतं. वाइस आणि एरिक पेटिगुरा यांनी त्याच वर्षी उत्तर दिलं, की साम्य खरंच आकाशातलं आहे. या वादामुळे विषय पुढेच गेला, कारण दोन्ही बाजूंना मूळ प्रश्नाकडे यावं लागलं: आपण पाहिलं ते तिथे आहे की आपल्या पाहण्याच्या पद्धतीत?

बाहेरून आपण

हा प्रश्न कळायला आपल्याच सूर्यमालेकडे बाहेरून पाहावं. अधिक्रमण दिसायला ग्रहाची कक्षा नेमकी आपल्या नजरेच्या रेषेत यावी लागते. पृथ्वीसारख्या ग्रहाबाबत ही शक्यता दोनशेत एकहून कमी. आपल्या आठ ग्रहांच्या कक्षा जवळजवळ एका पातळीत असल्या, तरी काही अंशांनी तिरप्या आहेतच. रॉबर्ट वेल्स आणि सहकाऱ्यांनी हिशेब करून दाखवलं, की आकाशगंगेत कुठेही उभं राहिलं, तरी आपल्या तीनहून अधिक ग्रहांची अधिक्रमणं दिसत नाहीत. एखादा ग्रह दिसण्याची शक्यता चाळिसात एक, दोन दिसण्याची त्याच्या साधारण दहावा भाग, तीन दिसण्याची त्याच्याही दहावा भाग.

म्हणजे दूरच्या एखाद्या केप्लरला आपण दिसलोच, तर नव्वद टक्के वेळा एकग्रही म्हणूनच दिसू. तिथल्या यादीत सूर्यापुढे 1 लिहिला जाईल, आणि ती नोंद खोटीही नसेल.

केप्लरला सापडलेली भावंडं ताटासारख्या सपाट पातळीत, एक-दोन अंशांच्या फरकात फिरतात, म्हणूनच ती एकत्र दिसली. तिरप्या कुटुंबांतला एखादाच ग्रह आपल्यापुढून जातो आणि ते कुटुंब एकट्यांच्या ढिगात जमा होतं. मात्र फरक सगळाच नजरेचा नाही. 2016 मध्ये चीनच्या लॅमोस्ट दुर्बिणीच्या नोंदींवरून जी-वेई शिए आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की भावंडांच्या कक्षा जवळजवळ गोल आहेत, लंबगोलपणा सरासरी 0.04, तर एकट्या दिसणाऱ्यांचा सरासरी 0.3. एकटे दिसणारे ग्रह पूर्वी एकमेकांच्या ओढाताणीत सापडले असावेत. त्या ओढाताणीने कक्षा लांबट आणि तिरप्या झाल्या, काही भावंडं फेकली गेली असतील, काही अजून तिथेच आपल्या नजरेबाहेर असतील.

या सगळ्याचा हिशेब मांडला, तर 69 आणि 86 यांच्यातल्या फरकाचे दोन भाग पडतात. ताऱ्याला खेटलेले राक्षस खरोखर एकटे असतात, हा भाग आकाशातला. लहान ग्रहांत एकटा आणि भावंडांतला यांचा आकार सारखाच, म्हणून त्यांतले पुष्कळ एकटे मुळात भावंडांतलेच, हा भाग आपल्याला हळूहळू कळलेला. माझ्या मते या सव्वाशे वर्षांच्या मागोव्यातलं सर्वांत मोठं शिकणं हेच आहे. एखादा ग्रह एकटा आहे, हे त्याच्याविषयी जितकं सांगतं, तितकंच आपण कुठे उभे होतो आणि किती काळ पाहत होतो याविषयीही सांगतं.

केप्लर-90 हा तारा याची साक्ष देतो. त्याच्याभोवती सात ग्रह माहीत होते. डिसेंबर 2017 मध्ये गूगलचे क्रिस्टोफर शॅल्यू आणि टेक्सास विद्यापीठाचे अँड्र्यू व्हँडरबर्ग यांनी संगणकाला शिकवून जुन्याच नोंदींतून आठवा ग्रह काढला. गूगलचं मुख्यालयही याच काउंटीत, माउंटन व्ह्यूला. केप्लर दुर्बीण 2018 मध्ये इंधन संपून थांबली. तिने अडीच हजारांहून अधिक ग्रह दिले, आणि तिच्या सगळ्या नोंदी आजही जगात कुणालाही विनामूल्य खुल्या आहेत. त्या पाहायला डोंगर चढावा लागत नाही. जेऊरच्या शाळेतल्या संगणकावरही त्या उघडतील.

तेव्हा बाह्यग्रहांची यादी कधी उघडलीत आणि एखाद्या ताऱ्यापुढे 1 हा आकडा दिसला, तर अप्सिलॉन तारा आठवा आणि तो आकडा मनात 'निदान 1' असा वाचा.